शेवटच्या धारा

व्यंकटी हनमंतेच्या शर्टाला कायम भोकं असायची, आणि ती काही गरिबीची नव्हती. दुधाची फॅट, म्हणजे त्यात लोणी किती, ते मोजायचं तर काचेच्या नळीत आधी तेजाब ओतावं लागतं. ते कितीही जपून ओता, एखादा थेंब उडतोच आणि कापड खातो. त्याची बायको चांगुणा म्हणायची, "सरकारी नोकरीवाला म्हणून दिलं मला माझ्या बापानं, आन नवऱ्याच्या अंगावर बघावं तर चाळण." हनमंतेला पूर्वी या बोलण्याचं हसू यायचं. पुढं पुढं तेही येईना. माणूस थकला की आधी त्याचं हसू आटतं, बाकीचं मागून.

घर त्याचं मुदखेडला, स्टेशनाच्या मागं. बाप रेल्वेत गँगमन. पोरानं शिकावं म्हणून बापानं उन्हातान्हात रूळ ठोकले आणि पोराला नांदेडला सायन्सला घातलं. तिथं पहिल्याच प्रॅक्टिकलला हनमंतेनं पितळी दांडीची लांबी मोजली आणि पाचही ओळींत एकच आकडा लिहून टाकला. मास्तर आले, बघून म्हणाले, "बाळा, तू एकदा मोजलंस आणि पाचदा लिहिलंस." हनमंते म्हणाला, "सर, दांडी तर तीच हाय." मास्तर म्हणाले, "दांडी तीच आहे, पण तुझा डोळा, तुझा हात, पट्टी ठेवायची तऱ्हा दर वेळी थोडी हलते. खरोखर मोजणाऱ्याचे आकडे हलतात. न मोजणाऱ्याचे हलत नाहीत." डिग्री काही पुरी झाली नाही, बहात्तर सालचा दुष्काळ मध्येच आडवा आला. पण हे एवढं बोलणं मात्र त्याच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं बसलं, आणि जन्मभर त्यानं त्याला परेशान केलं.

दूधखात्यात चिकटला. आधी भोकरला होता, मग इकडं तिकडं, आणि लातूर जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराला त्याची बदली उदगीरच्या अलीकडं शिरसवाडीच्या संकलन केंद्रावर झाली. केंद्र म्हणजे एक पत्र्याची खोली, एक बर्फाचा हौद, नळ्या ठेवायची लाकडी घोडी आणि हातानं फिरवायचं मशीन. चांगुणा लेकरांच्या शाळेपायी मुदखेडलाच राहिली. हा इथं एकटा, भाकरी थापायला शिकला, तीही कधी गोल झाली नाही.

पहिल्या दिवशी गावच्या काही बाया किटली उंच धरून दूध ओतत होत्या. भांडं याच्या हाताला लागू नये म्हणून, दुसरं काय! हनमंतेनं बघून न बघितल्यासारखं केलं. असल्या गोष्टी त्यानं मुदखेडपासून पाहिल्या होत्या, आणि प्रत्येकीशी भांडत बसलं तर दूध नासलं असतं. आठवडा गेला, दुधाचा भाव फॅटवर ठरतो आणि ती किती लावायची हे या माणसाच्या हातात आहे हे गावाला कळलं, आणि किटल्या आपोआप खाली आल्या.

त्याची एक खोड मात्र गावाला कधीच पटली नाही. एकाच दुधाच्या तो दोन नळ्या लावायचा. एकीत सहा पॉइंट दोन यायचं, दुसरीत सहा. रांगेतला म्हणायचा, "साहेब, म्हैस एक, दूध एक, मंग आकडे दोन कसे?"

"दोनदा मोजलं म्हणून दोन. धा बारी मोजलं तर धा येतील."

"आन त्यातला खरा कोन्ता?"

"खरा मधी कुटंतरी असतो."

आता सांगा, असल्या उत्तरानं कुणाचं पोट भरतं? लोक मागून म्हणायचे, बाबा खुळा हाय, पण चोर न्हाई. दुधाच्या धंद्यात याहून मोठी पदवी नसते.

नवा जिल्हा म्हणजे नव्या नवरीसारखा, सगळं नीट मांडून दाखवायची भारी हौस. लातूरला नवे साहेब आले, नव्या खुर्च्या आल्या, नवे तक्ते आले. उदगीरकरांना वाटत होतं जिल्हा आपल्याकडं व्हायचा, त्यामुळं ते वेगळेच फुगून बसले होते. सुपरवायझर जीपमधून यायचा आणि शेजारच्या केंद्राचा तक्ता हनमंतेच्या नाकापुढं धरायचा. "बघा. सहा पॉइंट दोन, सहा पॉइंट दोन, खालपर्यंत एक रेघ. आणि तुमचं? आज सहा, उद्या सात, परवा साडेपाच. हनमंते, ही फॅट आहे का ताप?"

"साहेब, ते लोक मोजतच न्हाईत."

"आणि तुम्हाला मोजताच येत नाही, असं मी म्हटलं तर?"

हनमंते पुढच्या किटलीकडं वळला.  रात्री भाकरी खाताना मात्र त्याला वाटलं, आपण एक खोटी रेघ ओढायला शिकलो असतो तर जिंदगी किती सोपी झाली असती.

त्यात पाऊस फितूर. एक वर्ष गेलं, दुसरंही तसंच निघालं. ढग यायचे, हजेरी लावायचे आणि पलीकडं कर्नाटकात निघून जायचे. वैरणीचं तर नाव काढू नका. जुना काळा पडलेला कडबा, नाहीतर बाजारात आलेले उसाचे वाढे. दूध आटलं, आणि दूध आटलं तसा लोकांचा इमानावरचा विश्वासही आटला. जो तो शेजाऱ्याच्या किटलीत पाणी बघायला लागला. तेवढ्यात लातूरहून नवा कायदा आला. म्हशीच्या दुधाची फॅट तीनदा सहाच्या खाली लागली की त्या माणसाचं दूध घालायचं कार्ड बंद.

आणि पार्वतम्माची फॅट पाचच्या खाली लागली.

पार्वतम्मा म्हणजे गावातली विधवा बाई, लिंगायताची. उंच, हाडकी, कपाळाला विभूती, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. घरात माणूस नाही. एक म्हैस, म्हशीची एक वगार, बस्स. त्या किटलीवर तिचं घर चालायचं. ती हनमंतेला तम्मा म्हणायची. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, आणि साहेब म्हणणाऱ्या त्या गावात त्याला भाऊ म्हणणारी ती एकटीच होती. त्यानं नळ्या पुन्हा लावल्या. तेच आलं. दुसऱ्या खेपेलाही तेच.

दूध सोसायटीचा चेअरमन गुरुपादप्पा, गावातच त्याचं पेंडीचं दुकान. तो रांगेपुढंच म्हणाला, "पाणी घालते म्हातारी."

हनमंतेनं लॅक्टोमीटर दुधात सोडलं. पाणी घातलं असतं तर ते खाली बुडालं असतं. ते वरच तरंगलं, उलट जरा जास्तच. "पाणी न्हाई, आप्पा."

"मंग साय काढत असंल. तूप करून इकत असंल. फॅट काय हवेत उडून चालली?" गुरुपादप्पा तसा वाईट माणूस नव्हता. एकीला सोडलं तर सगळं गाव उद्या आपल्या दारात उभं राहील, ही त्याची भीती. तो तिच्याकडं वळून म्हणाला, "पार्वतम्मा, सोमवारी मठात ये. समद्यांच्या देखत गळ्यातल्या लिंगाला हात लाव आन म्हण, मी साय काढली न्हाई. मिटलं. पुढं मी लातूरवाल्यांचं बघतो."

पार्वतम्मानं पदर सारखा केला. "दुधापायी लिंगाला हात लावू? उद्या मिठापायी लावाय सांगशील. न्हाई लावत, जा."

झालं! गावाला तेवढंच पाहिजे होतं. खरी असती तर शपथेला भ्याली असती का, चोराच्या मनात चांदणं, एक ना दोन. तिच्या शेजारची सरजाबाईसुद्धा आडावर तिच्यापासून लांब उभी राहायला लागली.

हनमंतेचं डोकं तापलं. शपथ घेत नाही याचा अर्थ एवढाच की शपथ घेत नाही. त्यातून दुधाचं काय कळतं? पण गावाला हे कोण सांगणार, आणि सांगून ऐकणार कोण? तो गुरुपादप्पाला एवढंच म्हणाला, "तिसऱ्या बारीचं लिवायच्या आधी मला थोडी सवड द्या. म्या बघून सांगतो." गुरुपादप्पा म्हणाला, "बघा, तुमचं बघणं कवा सरतं ते," पण सवड दिली.

मग हनमंते रोज तिचं दूध बघायला लागला. सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं. आकडा हलत होता, तो हलणारच. पण दुसऱ्यांचे आकडे सहा-सातच्या अंगणात खेळत होते, आणि हिचे सगळे पाचच्या आसपास. एखादा आकडा चुकून खाली आला असता तर गोष्ट वेगळी. इथं अंगणच दुसरं होतं. म्हणजे कारण काहीतरी होतं, आणि ते दर धारेला हजर होतं.

वैरणीचं असेल का? मग त्यानं सरजाबाईच्या म्हशीचं बघितलं. दोघींच्या म्हशी एका वयाच्या, एकाच गंजीचा कडबा खाणाऱ्या, एकाच आडाचं पाणी पिणाऱ्या. सरजाबाईची फॅट साडेसहा. वैरणीचं कारण तिथं मेलं. म्हशीला रोग? सड बघितले, कास बघितली, म्हैस ठणठणीत. आता उरली साय, आणि त्याला सायीचं नाव घ्यायची भीती वाटत होती. तिनं चोरी केलेली नसावी असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि असं वाटत असलं की डोळा आपल्याला पाहिजे तेच बघतो, हेही त्याला चांगलं माहीत होतं.

म्हणून तो पहाटे तिच्या गोठ्यातच जाऊन उभा राहिला, बरोबर तीन बाटल्या घेऊन. "अम्मा, धार काढा. मी नुसता बघतो."

"बघ तम्मा. चोराच्या घरी आलास, च्या पिऊन जा."

तिनं वगार लावली, म्हशीला पान्हा आला, वगार बाजूला बांधली आणि धार काढायला बसली. पहिल्या धारा हनमंतेनं एका बाटलीत घेतल्या, मधल्या दुसऱ्या. किटली भरत आली, कास अजून पुरती रिकामी झाली नव्हती, आणि पार्वतम्मा उठली. वगारीचं दावं सोडलं. वगार धडपडत आली आणि चारी सडांना ढुशा देत प्यायला लागली.

"अम्मा, आजून दूध हाय की कासंत."

"हाय की. ते तिचं."

"रोज असंच?"

"माझी सासू सांगून गेली. चारी सडाच्या शेवटच्या धारा वगारीच्या. त्या आपण काढायच्या न्हाईत, पाप लागतं. आन यंदा तर तिला चघळायला काडी न्हाई. म्हणून जरा जास्तच सोडते."

हनमंतेनं भरलेल्या दोन बाटल्या खाली ठेवल्या. त्यानं वगारीला हळूच ओढलं, तिची माफी मागितल्यासारखं तिच्या पाठीवर हात फिरवला, आणि चार धारा स्वतः तिसऱ्या बाटलीत काढल्या. केंद्रावर येऊन नळ्या लावल्या, मशीन फिरवलं. पहिल्या धारांची फॅट जेमतेम तीन. मधल्यांची पाच. आणि शेवटच्या धारांची? नळीवरच्या खुणा दहाला संपतात, पिवळा थर त्याच्याही वर चढला होता! एकाच म्हशीच्या, एकाच वेळच्या दुधात एवढा फरक. लोणी सगळं शेवटी उतरतं, आणि ही बाई ते लोणी वगारीला पाजत होती. साय कुणी काढली नव्हती. साय किटलीत आलीच नव्हती.

किती वर्षांनी तो इतका खूश झाला असेल! मशीन तसंच टाकून, नळ्या घेऊन तो गुरुपादप्पाच्या दुकानावर पळत गेला. गुरुपादप्पानं सगळं ऐकून घेतलं, तिन्ही नळ्या उजेडात धरून बघितल्या, आणि संध्याकाळी रांगेपुढं सरळ उभा राहिला. "आयका रे. पार्वतम्मा चोर न्हाई. म्या बोललो ते माझं चुकलं." सरजाबाईनं तिथंच डोळ्याला पदर लावला. पार्वतम्मा नुसती हूं म्हणाली.

पण गुरुपादप्पा पुढं म्हणाला, "समदं खरं हनमंते, पर फॅट तर पाचच की. लातूरच्या तक्त्याला वगार दिसती का?"

हनमंतेनं त्यावरही तोड काढली. तो तिला म्हणाला, "अम्मा, तीन सड पार निपटून काढा, आन एक सड सबंध वगारीला ठेवा. तिला तिचा वाटा, किटलीला फॅट." तिनं करून बघितलं. पण म्हैस म्हणजे म्हैस. शेवटी वगार येते हे तिला इतक्या दिवसांचं ठाऊक. हाताला ती शेवटच्या धारा सोडेनाच. तीन सड आखडून धरायची, वगार लावली की चारी मोकळे करायची. पार्वतम्मा म्हणाली, "तम्मा, घे. चोर सापडली. ही बघ." आणि हसली. हनमंतेला हसू आलं नाही. वगार म्हशीच्या नजरेसमोरून कायमची हलवायची, एवढा एकच इलाज आता उरला होता. आणि दूध तुटलं तर त्या लहान वगारीनं त्या साली काय खायचं होतं? माती?

लातूरहून निरोप आला, तिसऱ्या खेपेचं काय ते कळवा. त्या संध्याकाळी रांग सरली तरी पार्वतम्माची किटली घोडीजवळच होती. हनमंते स्टुलावर बसला. त्याला अंगातली सगळी वर्षं एकदम जड झाल्यासारखी वाटली. मोजून मोजून त्यानं काय मिळवलं? खरं शोधलं, आणि त्या खऱ्याचा उपयोग एका जनावराच्या तोंडचा घास काढण्याएवढाच निघाला. शेजारच्या केंद्रावर तिचं कार्ड असतं तर तिथल्या माणसानं न मोजताच सहा पॉइंट दोन लिहिलं असतं, आणि वगार जगली असती.

"अम्मा," तो खाली बघत म्हणाला, "तुमी धारा सोडत जा वगारीला. मी सहा लिवत जातो. कुणाला कळणार न्हाई."

जन्मात पहिल्यांदा त्यानं असं काही तोंडातून काढलं होतं. पार्वतम्मानं त्याच्याकडं बघितलं. रागावली नाही. आईनं तापलेल्या लेकराकडं बघावं तशी बघत होती.

"तम्मा, मी चोर न्हाई हे तुझ्या नळीनं गावाला सांगितलं. लिंगाला हात लावायची पाळी आली न्हाई माझ्यावर. आन आता तू खोटं लिवणार? मंग ते आधीचं खरं कोण म्हणल रे?"

"वगार मरंल, अम्मा."

"मला दिसत न्हाई का ते?"  मग तिनं किटली पुढं सरकवली. "वगारीचं मी बघन. तू मोज."

त्यानं मोजलं. पाच आलं, पाच लिहिलं. तिसऱ्या बारीचं. गुरुपादप्पानं लातूरला जाऊन साहेबापुढं हात जोडले आणि कार्ड बंद करायच्या आधी महिन्याची मुदत आणली. पार्वतम्मानं वगार दाव्याला धरून देगलूरकडं बहिणीच्या गावाला चालत नेली. बहिणीकडं तरी कुठं वैरण लागून गेली होती! वगारीनं पाडवा बघितला नाही.

म्हैस काही दिवस हंबरली, दूध आखडलं, मग ओल्या पेंडीवर मुकाट सोडायला लागली. एका सकाळी पार्वतम्माची किटली आली. हनमंतेनं दोन नळ्या लावल्या, मशीन फिरवलं, उजेडात धरल्या. सहा पॉइंट नऊ, आणि सात. मागून कुणीतरी म्हणालं, "वा पार्वतम्मा, आता लागली बघा फॅट!" आकडा चांगला होता, खरा होता, आणि तो लिहिताना हनमंतेला रडू आवरेना.